रडकी

४ मार्च, सोमवार

नवी नोकरी, नवं गाव, नवी वही. वही ताईनं दिली. म्हणाली, लोकांची दुखणी ऐकून ऐकून तुझं डोकं भरेल, ते रोज इथं रिकामं करत जा. ताई माझ्याहून मोठी आणि वर शाळेत मुख्याध्यापिका, त्यामुळे तिचं सांगणं म्हणजे गृहपाठच. करते बापडी.

आजपासून मी अग्निशमन केंद्राची समुपदेशक. जवानांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मन मोकळं करायला यायचं ते माझ्याकडे. खोली झकास आहे. दोन खुर्च्या, एक टेबल, आणि खिडकीतून अख्खं आवार दिसतं: लाल गाड्या, वाळत टाकलेले पाइप, कठड्यावर उलटे ठेवलेले बूट. पाटी रंगवणाऱ्यानं 'समुपदेशन कक्ष'चं 'समुपदेशन कक्षा' केलंय. त्यामुळे बाई अंतराळात बसतात, हा विनोद दुपारपर्यंत सगळ्यांचा करून झाला.

सकाळी फाटकातून आत आले तर आठ-दहा धिप्पाड गडी पूर्ण पोशाखात रांगेत उभे, आणि सगळेच्या सगळे कंबर हलवतायत. कडेवर पोर असल्यासारखे, हळूच डावीकडे, उजवीकडे. मला हसू आवरेना. तेव्हा ड्रायव्हरकाकांनी समजावलं. काका इथले सगळ्यांत जुने, मोठा बंब तेच चालवतात. प्रत्येकाच्या छातीवरच्या पट्ट्याला एक डबी असते. माणूस अर्धा मिनिट हलला नाही की ती आधी चिवचिवते, मग किंचाळायला लागते. धुरात कुणी पडला तर बाकीच्यांना कळावं म्हणून. तिचं नाव रडकी. पण रडकीला आगीतला आणि रांगेतला फरक काय कळणार? नुसतं उभं राहिलं तरी ती गळा काढते. म्हणून डुलायचं. आणि कुणाची रडलीच तर ज्याच्या कानावर पडेल त्यानं मागं न बघता ओरडायचं, हल रे. काका म्हणाले, आमच्या लग्नाचे फोटोसुद्धा हललेले आहेत.

केंद्रप्रमुखांना सगळे नुसतं साहेब म्हणतात. मऊ बोलणारे, नीटनेटके. गेल्या वर्षी एक जवान आगीत गेला, त्यानंतर माझी जागा मंजूर झाली असं त्यांनी सांगितलं. बैल गेला अन् झोपा केला, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पहिलाच दिवस म्हणून गिळलं. माणूस बरा वाटला.

७ मार्च, गुरुवार

गडी येतात, पण स्वतःसाठी कुणी येत नाही. प्रत्येकाचा एक मित्र असतो आणि त्या मित्राला झोप येत नाही. मी म्हणते, मित्राला सांगा, खुर्चीत बसायचं, पाय जमिनीवर, हात सैल, शरीर सोडून द्यायचं आणि अजिबात हलायचं नाही. हा माझा हातखंडा प्रयोग. माझा आवाज त्यासाठी चांगला आहे असं शिकवणाऱ्या बाईंनीच म्हटलं होतं.

इथं मात्र तो चालेना. एकालाही स्वस्थ बसता येत नाही. कुणाचा पाय हलतो, कुणी बोटं वाजवतो, कुणी मान फिरवत राहतो. सवय म्हणावी तर रडकी पोशाखावर असते आणि पोशाख खाली खुंटीवर.

आज एकाला बसवलंच. चांगला दारात वाकावं लागेल एवढा उंच, म्हणून त्याचं नाव उंच्या. मी बोलत गेले, तो सैल पडत गेला, पाय थांबले, खांदे उतरले. मला भारी आनंद झाला. आणि कुठूनतरी चिवचिव ऐकू आली. जवळून, खोलीतूनच. उंच्या खुर्चीसकट उडाला आणि दाराशी जाऊन नाचल्यासारखा पाय आपटत उभा राहिला. घामानं निथळत होता. मी कपाट उघडलं, टेबलाखाली बघितलं. डबी कुठंच नव्हती.

११ मार्च, सोमवार

ड्रायव्हरकाकांच्या घरी जाऊन आले. घरच्यांशी बोलणं हेही माझंच काम. काकूंनी खालच्या आवाजात सांगितलं की काका पलंगावर झोपत नाहीत. झुलत्या खुर्चीत झोपतात. खुर्चीला दोरी, दोरीचं टोक काकूंच्या पायाच्या अंगठ्याला. काकू झोपेतच पाय हलवतात आणि खुर्ची झुलते. पोरांना झोके दिले तेवढे पुरे नव्हते, म्हणून आता नवऱ्याला देते, म्हणाल्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत. अंगठ्याला घट्टा पडला होता.

कधीपासून, असं विचारलं. गोदामाच्या आगीपासून, म्हणाल्या. मग घाईघाईनं पुढं म्हणाल्या की त्यांना औषध द्या, नाहीतर मला तरी द्या.

१३ मार्च, बुधवार

उंच्या आज आपणहून आला. येरझाऱ्या घालत बोलला. मी त्याला बसवलं नाही.

गेल्या वर्षी जो गेला त्याला सगळे घुम्या म्हणत, कारण तो चार शब्दांच्या वर बोलायचा नाही. त्या घुम्यानं आगीच्या आधी साहेबांकडे जाऊन सांगितलं होतं की मला काही दिवस आत पाठवू नका. हात थरथरतात. घरी मुलीचे केस विंचरायला घेतले तरी धुराचा वास येतो. घुम्या एवढं बोलला म्हणजे किती साचलं असेल. साहेब म्हणाले, असं म्हणणारे इथं टिकत नाहीत. मग पुठ्ठ्याच्या गोदामाला आग लागली आणि घुम्याला आत पाठवलं.

बाकीचे बाहेर बंबापाशी रांगेत उभे होते, पुढच्या पाळीची वाट बघत. रडकी रडायला लागली. उंच्या सवयीनं ओरडला, हल रे. दुसरा ओरडला. तिसऱ्यानं विचारलं, कोण झोपलंय रे, आणि सगळे हसले. ती रडतच राहिली. रांगेतलीच कुणाचीतरी असेल असं प्रत्येकाला वाटलं. मागं वळून कुणी बघितलं नाही. डोकी मोजली तेव्हा एक कमी भरलं.

घुम्या पडला नव्हता. दाराच्या आत, हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर, भिंतीला धरून उभा होता. भीतीनं थिजला होता. कुणी नुसता हाताला धरून ओढला असता तर बाहेर आला असता.

साहेबांनी सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं की त्यानं रडकी चालूच केलेली नव्हती. सगळ्यांनी माना हलवल्या. आता त्याच्या बायकोपासून गावापर्यंत सगळ्यांना एवढंच माहीत आहे की घुम्या स्वतःच्या चुकीनं मेला.

उंच्या लहान पोरासारखा रडला. मी त्याला शब्द दिला की इथलं बोलणं या भिंतींबाहेर जाणार नाही. आमच्या धंद्याचा पहिला नियम तो. पण साहेबांचा असा राग आलाय की पेन कागदात रुततंय.

१५ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते सरळ लिहिते.

फाटकाशी रोज एक बाई उभी असते. मला वाटायचं कुणाचा डबा घेऊन येत असेल. ती घुम्याची बायको. सगळे तिला वहिनी म्हणतात आणि तिच्या नजरेला नजर न देता बाहेर पडतात, कारण ती प्रत्येकाला एकच विचारते: रडकी रडली होती का? उत्तर ऐकते आणि बाजूला होते.

साहेबांनी तिला माझ्याकडे आणून बसवलं. तिला जरा समजावा, म्हणाले, आणि दाराच्या काचेपलीकडे उभे राहिले. वहिनी खुर्चीत बसली. या केंद्रात स्वस्थ बसलेलं मी पाहिलेलं ते पहिलं माणूस. पापणीसुद्धा हलत नव्हती.

"तुम्हाला तर सगळे सगळं सांगतात," ती म्हणाली. "ती रडली होती का?"

मला सांगता येणार नाही, असं म्हणायचं होतं. तेच शिकवलेलं असतं. पण तेवढ्यानं तिला कळलं असतं, काचेतून साहेब बघत होते, उंच्याला शब्द दिलेला होता. मी म्हटलं, नाही रडली, सगळे तेच सांगतात. वर पाणी ओतल्यासारखी बोलत राहिले, की जे झालं ते स्वीकारलं की मन हलकं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग बरं म्हणाली आणि गेली.

साहेबांनी बाहेर माझं कौतुक केलं. नियम गप्प बसायला सांगतो, खोटं बोलायला सांगत नाही. मी नियमाचा पदर डोक्यावर घेऊन खोटं बोलले. शरम वाटते.

१९ मार्च, मंगळवार

उंच्या गेला.

भर दुपारी. आवारातल्या बाकावर बूट पुसत बसला होता. मी खिडकीतच होते. आधी चिवचिव ऐकू आली, मग ते किंचाळणं. इथं आल्यापासून इतकं मोठं ऐकलं नव्हतं. बंबाखाली काम करणारा एक ओरडला, हल रे. पाइप गुंडाळणारे दोघं ओरडले, हल रे. कुणी वर बघितलं नाही. माझ्याही मनात तेच आलं की कुणाची वाजतेय ही, कान किटवले.

आवाज थांबल्यावर काकांनी जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला.

त्याच्या अंगावर साधा शर्ट होता. त्याची डबी आत खुंटीवर, बंद. मी स्वतः जाऊन पाहिली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पण मी त्याचं तोंड पुसलं ना. नाकपुड्या आतून काळ्या होत्या. काजळी. रुमालाला लागली.

वहिनी फाटकाशी उभी होती. तिनं सगळं पाहिलं आणि घरी गेली.

२१ मार्च, गुरुवार

मला ऐकू आलं.

घरी, दुपारी. पुस्तक वाचत पडले होते. उशीपाशी चिवचिव. उठले तर बंद. पुन्हा पडले, पुन्हा. आंघोळीला बसले, पाणी तापायची वाट बघत, तिथंही. टॅक्सीत सिग्नलला थांबलो तर ड्रायव्हर म्हणाला, बाई, तुमचा फोन वाजतोय. म्हणजे त्यालाही ऐकू आलं. हे माझ्या डोक्यातलं नाही.

मी काय केलंय? मी तर त्या आगीच्या वेळी या गावातही नव्हते.

२२ मार्च, शुक्रवार

काय केलंय ते मला माहीत आहे.

झोप नाही. पडलं की पाय हलवत राहायचं. डुलकी लागली की पाय थांबतो, पाय थांबला की ती सुरू होते. काल घशात धूर आला, खोकताना कफ काळा पडला. ताईचा फोन आला होता. आवाज कसला येतोय म्हणाली. मी येरझाऱ्या घालतेय म्हटलं. ती म्हणाली, तूच आता कुणाकडेतरी जाऊन बस. बस म्हणाली.

२५ मार्च, सोमवार

साहेब.

दार लावून आत आले. त्यांचा तो सतत हलणारा पाय — मला वाटायचं मोठ्या माणसांची सवय असेल. म्हणाले, कित्येक महिने पाठ टेकलेली नाही. गाडी गावभर फिरवायला लावतात आणि मागच्या सीटवर झोपतात. गाडी थांबली की जाग येते. काहीतरी युक्ती सांगा, म्हणाले.

मी म्हटलं, एकच आहे. फाटकाशी जा, सगळ्यांसमोर तिला सांगा की रडली होती, मी त्याला पाठवलं होतं, तो नको म्हणत असताना.

ते हसले. मऊच.

"मेलेल्याला अब्रू नसते, बाई. केंद्राला असते."

बरं म्हटलं. बसा. पाय जमिनीवर. हात सैल.

मी टाचांवर झुलत बोलत राहिले. माझा आवाज चांगला आहे. फार दमलेला माणूस, लगेच सैल पडला. पाय थांबला. चिवचिव सुरू झाली. डोळे उघडले, पण अंग हलेना. माझ्याकडे बघत होते. एक धक्का पुरला असता. नुसता हात लावला असता तरी —

मी बाहेर आले. दार ओढून घेतलं. ती आत किंचाळायला लागली आणि आवारातून चार-पाच जण ओरडले, हल रे.

मीही म्हटलं. हळूच. हल रे.

२६ मार्च

साहेब गेल्याचं वाईट वाटतं का? नाही. पुन्हा विचारून बघितलं. नाही. घुम्या त्या भिंतीला धरून उभा होता तेव्हा यांनी वळून बघितलं नाही, मी यांच्याकडे का बघू? घुम्याचं काम मी केलं. मला वाटलं, आता तरी तो मला सोडेल.

नाही सोडलं. जेवताना, ताटावरच —

२७ मार्च

काकांनी केलं. हजेरीला सगळे जमले होते. काका फाटकाशी गेले, टोपी काढली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रडली होती वहिनी. मी ऐकली. मी वळून बघितलं नाही."

तिनं मान हलवली.

मग काका बाकावर बसले. तिथंच झोपले. मी खिडकीतून बघत राहिले. काका घोरत होते, अंग दगडासारखं पडलेलं. काही वाजलं नाही. काकू येऊन शेजारी बसल्या आणि रडल्या, बिचाऱ्या.

म्हणजे सुटता येतं.

२८ मार्च

वहिनीच्या घरी गेले. उभी राहूनच सांगितलं, डुलत. की मी खोटं बोलले, रडली होती, मला माहीत होतं.

तिनं मुलीला आत पाठवलं.

"मला कुणाला विचारायची काय गरज होती? रडकी आमच्या घरी रोज रडते," म्हणाली. "मी फक्त बघत होते, कोण कोण नाही म्हणतं. तेवढं मी त्यांना सांगते."

त्यांना. जेवायला वाढलंय म्हणून सांगावं तसं म्हणाली.

माझं नाव परत घ्या म्हटलं. पाया पडले. तिनं उठवलं मला, प्रेमानंच. मला एकटीला सांगून काय उपयोग, म्हणाली. उद्या संध्याकाळच्या हजेरीला. सगळ्यांसमोर. तिथं माझ्या नवऱ्याची चूक नव्हती असं म्हणा.

म्हणणार. साहेबांचंही सांगणार. उद्या संध्याकाळपर्यंत हलत राहायचं, एवढंच.

२९ मार्च

दुपार. पाय संपले. घोटे सुजून टम्म. पण हात हलला तरी चालतं, ते कळलंय. म्हणून लिहिते. काहीही लिहिते. एक दोन तीन. हल हल हल. संध्याकाळी पोशाखातल्या सगळ्यांसमोर म्हणायचं की रडली होती —

ताई आलीय. केंद्रातून कुणीतरी फोन केला तिला, बाईंचं डोकं फिरलंय म्हणून. तिनं मला जवळ घेतलं, धरून ठेवलं घट्ट. मी सोड म्हणून ओरडले तर रडायला लागली. अगं जरा स्वस्थ बस, म्हणते. तिला सगळं सांगितलं. हो हो म्हणाली. मी लोकांना म्हणते ना, तसंच हो हो.

हजेरीला जायचंय तिला सांगितलं. जाऊ या म्हणाली. आधी दूध पी.

प्यायले. पोटात काही नव्हतं.

दूध कडू होतं.

ताई तू काय घातलंस — विचारलं. झोपेची साधी गोळी, म्हणते. किती दिवस झोपली नाहीस, चेहरा बघ. जेवण करते, उठशील तेव्हा खा. केसांवरून हात फिरवून गेली

हात जड

लिही. लिही गं. रडली होती वहिनी रडली होती सगळ्यांसमोर लिहिते त्याची चूक नव्हती मी नाही म्हटलं मी

अक्षर थांबतंय. चिव

चिव

धूर आहे. दुपारच्या उन्हात धूर. कुणीतरी भिंतीला धरून उभं

ओरडतेय आता. केवढ्यानं. ताईला ऐकू गेलं, हो, गेलं, ती म्हणतेय आतून — तुझा अलार्म वाजतोय गं, बंद कर की — ताई अलार्म नाही — ये, हात लाव, नुसता हा